ज्याला लागणार, त्याला आधी

अण्णांना मी पहिल्यांदा भेटले तो मंगळवार होता आणि ते मागच्या मंगळवारचा पेपर वाचत होते. हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. मुलाखतीला बोलावलं होतं म्हणून मी प्रमाणपत्रांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, आणि त्यांनी पेपरवरून डोळे न काढता विचारलं, "काय अक्का, बसवाल्यांच्या संपाचं काय होईल, तुम्हाला काय वाटतं?"

संप मिटून चार दिवस झाले होते. मी बसनंच आले होते. तसं सांगितल्यावर त्यांनी पेपराची नीट घडी घातली आणि मोठ्या समाधानानं म्हणाले, "मिटला न्हवं? मग मी त्याची काळजी केली नाही ते बरंच झालं."

घरी आल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, नोकरी मिळालीय, पण माणूस जरा वेगळा आहे.

मी मिरजेची. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून, लग्न होऊन नव्वद साली बंगलोरला आले. नवऱ्याच्या कारखान्यात तेव्हा आठवड्यातले चारच दिवस काम चालायचं, त्यामुळे माणूस वेगळा आहे म्हणून नोकरी सोडायची चैन आम्हाला परवडणारी नव्हती. अण्णांचा कारखाना बोम्मसंद्र्याला, होसूर रस्त्यावरून आत. स्प्रिंगांचा. पत्र्याच्या एका शेडमध्ये दोन विभाग होते. एकीकडे गाड्यांना आणि यंत्रांना लागणाऱ्या जाड स्प्रिंगा व्हायच्या. तिथं पुरुष आणि त्यांच्यावर एक मेस्त्री. दुसरीकडे आमचा बारीक विभाग. तेव्हा फोनला आकड्यांची चकती असायची. बोटानं फिरवून सोडली की ती आपोआप मागं यायची. ती मागं आणणारी स्प्रिंग आमच्याकडे व्हायची. सात बायका आणि त्यांच्यावर मी.

अण्णांचं घर चामराजपेटेत. "आमचे लोक घोड्यावरनं आले," ते सांगायचे, "तीनशे वर्षं झाली, परत जायचं विसरले." घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि कारखान्यात दोन्हींची अशी काही भेसळ की मिरजेच्या मला पहिले काही दिवस कान टवकारून बसावं लागलं. "स्वल्प थांबा" म्हणजे जरा थांबा, "सरी, होऊ दे" म्हणजे बरं, होऊ दे. दुपारी समोर दिसेल त्याला "ऊट झालं का?" म्हणजे जेवलात का. माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठे, पण मला अक्काच म्हणायचे. उंच, किंचित वाकलेले, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. कारखान्यातल्या एकूण एक दाराला त्यांनी स्वतः बनवलेली स्प्रिंग लावलेली होती आणि त्या सगळ्या जरुरीपेक्षा ताठ होत्या. नवा पाहुणा आत आला की मागनं दार त्याच्या पाठीत बसायचं. अण्णा तेवढंच म्हणायचे, "इथं दारात थांबायचं नसतं."

तर पेपर. घरी आलेला पेपर ते न उघडताच कारखान्यात आणायचे. ऑफिसातल्या फळीवर रोजचा एक असे सात पेपर ओळीनं पडून असायचे. आजचा उजवीकडे ठेवायचा, डावीकडचा वाचायला घ्यायचा. मी एकदा विचारलं, असं का? म्हणाले, "अक्का, पेपरात रोज दहा भीती असतात. आठ दिवसांनी वाचल्या की त्यातल्या आठ मेलेल्या असतात. उरलेल्या दोन आपल्या. तेवढ्यांचाच विचार करायचा."

या नेमाचे त्यांना फटकेही बसायचे. एकदा शहरात बंद होता आणि हे एकटेच स्कूटरवरून बोम्मसंद्र्याला येऊन, कुलूप उघडून दुपारपर्यंत बसले. रस्ते रिकामे बघून त्यांना वाटलं होतं, आज आपण लवकर निघालो. हा हसण्यावारी नेण्यासारखा प्रसंग. पण एकदा त्यांचा शाळेपासूनचा मित्र म्हैसूरला वारला आणि ते अण्णांना पेपरात छापलेल्या फोटोवरून आठ दिवसांनी कळलं. त्यानंतर निधनवार्तांचं पान त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, रोज सकाळी घरी वाचायच्या आणि कोणी ओळखीचं असलं तर सांगायच्या. बाकीचा पेपर मात्र फळीवरच.

एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात देशाचं सोनं गहाण पडल्याच्या बातम्या आल्या, मग रुपया उतरला. शेजारच्या दोन कारखानदारांनी आधीच वास ओळखून परदेशी तारेची भेंडोळी भरून ठेवली होती. अण्णांना ते कळलं तेव्हा तार महाग झाली होती. मेस्त्रींनी तोंडावर सांगितलं, "अण्णा, आपला पेपर शिळा होता." अण्णा म्हणाले, "होता. या वेळी चुकलो." आणि पुढच्या दिवशी पुन्हा डावीकडचाच पेपर उचलला. मला तेव्हा तो हट्ट वाटला. अजूनही थोडा वाटतो. पण त्याच दिवसांत, त्याच घाबरगुंडीत, आमच्या रस्त्यावरच्या एकानं शेड विकून गुलाबाची शेती धरली आणि दुसरा ग्रॅनाइट निर्यात करायला निघाला. दोघांनाही स्प्रिंगा किंवा नट-बोल्ट यांपलीकडे काही येत नव्हतं. दोघेही वर्षभरात परत येऊन कोणाच्या तरी शेडमध्ये भाड्यानं बसले. अण्णांकडेही जागेचे दलाल यायचे. होसूर रस्त्याचे भाव तेव्हा चढायला लागले होते. "आज सही केलीत तर हा भाव," ते म्हणायचे. अण्णा त्यांना कॉफी पाजायचे आणि सांगायचे, "आठ दिवसांनी या." एकही आठ दिवसांनी आला नाही. "ज्याला आजच पाहिजे," अण्णा म्हणायचे, "त्याचं काहीतरी आजच अडलेलं असतं. आपलं नव्हे."

दुसरा नेम सकाळच्या तासाचा. आठ ते नऊ अण्णा ऑफिसचं दार लावून घ्यायचे आणि आदल्या दिवशी झालेल्या स्प्रिंगांचा एक ट्रे पुढ्यात घेऊन एकेक स्प्रिंग हातानं तपासायचे. फोन उचलायचा नाही, कोणी आत जायचं नाही. मालकानं हे काम करायची काही गरज नव्हती. पण ते म्हणायचे की बोटं कामात असली की डोकं गप्प बसतं, आणि डोकं गप्प बसल्याशिवाय त्याला काही विचारू नये. कारखान्याचे सगळे निर्णय त्या तासात झालेले असायचे. नऊ वाजता ते बाहेर यायचे आणि जे सांगायचं ते उभ्या उभ्या सांगून टाकायचे.

ब्याण्णवच्या पावसाळ्यात फोनच्या कारखान्याचं पत्र आलं. चकतीचे फोन बंद होणार, आता बटणांचे येणार. हातातली ऑर्डर पूर्ण करा, पुढची नाही. पत्र माझ्याच हातात पडलं. मी ते अण्णांच्या टेबलावर ठेवलं आणि मनातल्या मनात आठ दिवस मोजले. पण पत्र म्हणजे पेपर नव्हे. ते त्यांनी तिथंच वाचलं, आणि पुढच्या पंधरा दिवसांत सकाळच्या तासानंतर ते कधी नऊला बाहेर आले, कधी दहाला. आणि बाहेर येऊन काहीच सांगायचे नाहीत.

मग एका सोमवारी त्यांनी मला त्या तासात आत बोलावलं. असं आधी कधी झालं नव्हतं. समोरची खुर्ची दाखवली, ट्रेमधला अर्धा ढीग माझ्याकडे सरकवला. "बसा. स्वल्प निवडा."

आम्ही दहा-बारा मिनिटं स्प्रिंगा तपासत बसलो. मग ते म्हणाले, "अक्का, बारीक विभाग बंद करायचं ठरवलंय. दसऱ्यानंतर."

माझ्या हातातली स्प्रिंग हातातच राहिली. "कोणाकोणाला सांगितलंत?"

"कोणाला नाही. घरीसुद्धा नाही. तुम्हीच पहिल्या."

"मला का पहिल्यांदा?"

"ज्याला लागणार त्याला आधी सांगायचं." मग पुढची स्प्रिंग उचलत म्हणाले, "माझ्या वडिलांचं पेठेत दुकान होतं. ते विकायचं ठरलं तेव्हा आमच्या गड्याला चहाच्या टपरीवर कळलं. वीस वर्षं होता आमच्याकडे. नंतर कधी आमच्या गल्लीतनं गेला नाही. लांबच्या रस्त्यानं जायचा."

मी हातातली स्प्रिंग ट्रेमध्ये ठेवून दिली.

"सात बायकांना तुम्ही सांगायचं नाही. ते माझं काम. पुढच्या सोमवारी सांगेन. तोवर आठ दिवस तुमचे. माझं कुठं चुकत असलं तर दाखवा. शिव्या द्यायच्या असल्या तर त्याही द्या, पण त्या आजच द्या. मनात ठेवू नका."

मी शिव्या दिल्या नाहीत. उठले, बाहेर आले, आणि मागनं दार माझ्या पाठीत बसलं. तेव्हा मात्र डोळ्यांत पाणी आलं.

तो आठवडा फार वाईट गेला. राग अण्णांचा येत होता तो बंद करण्याबद्दल नव्हे. फोनच बदलले, त्याला ते काय करणार? राग याचा की हे ओझं माझ्या एकटीच्या डोक्यावर ठेवून ते मोकळे झाले. बायकांबरोबर दुपारी जेवायला बसायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. त्यांच्यात लक्ष्मम्मा नावाची आनेकलची एक बाई होती. चाळिशीची, शाळेचं तोंड न पाहिलेली, पण बोटांत असं काही की शंभर स्प्रिंगांतली एक ढिली स्प्रिंग ती न बघता काढायची. ती रोज माझ्यासाठी डब्यात चित्रान्नाचा एक घास जास्त आणायची. बुधवारी ती म्हणाली, "अक्का, घरी काही झालंय का? भात तसाच आहे." मी म्हटलं, डोकं दुखतंय. आयुष्यात इतकी खोटी मी कोणाशी वागले नाही.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आठ दिवस दिलेत ना? मग दुसरी नोकरी शोध." त्याचं चूक नव्हतं. मी एक अर्जही लिहिला. पाकिटात घालून पर्समध्ये ठेवला.

गुरुवारी होसूरहून एक पेटी परत आली. तिथल्या दुचाकीच्या कारखान्याचं काम मिळावं म्हणून अण्णा जाड विभागाकडून ब्रेकच्या आत लागणाऱ्या स्प्रिंगांचे नमुने पाठवत होते. फोन गेल्यावर कारखाना तगायचा तर याच कामावर. नमुने परत यायची ही दुसरी वेळ. मेस्त्री वैतागून पेटीपुढे उकिडवे बसले होते. "सगळ्या मापात आहेत," ते मला म्हणाले. "हव्या तर तुम्ही मोजा. आणि हे म्हणतात, जोड्या सारख्या नाहीत." एका ब्रेकमध्ये दोन स्प्रिंगा लागतात. दोन्हींची ओढ सारखी नसली तर ब्रेक एका बाजूला घासतो. प्रत्येक स्प्रिंग मापात होती, पण मापातसुद्धा एक जरा कडक आणि एक जरा मऊ असतेच.

लक्ष्मम्मा मला कशासाठी तरी बोलवायला आली होती. आम्ही बोलत होतो तोवर तिनं पेटीतल्या दोन स्प्रिंगा उचलल्या, दोन्ही हातांच्या बोटांत अडकवून ओढून पाहिल्या आणि एक खाली टाकली. कन्नडमध्ये म्हणाली, "ही हिची बहीण नव्हे." दुसरी उचलली, ओढली. "ही बहीण."

मेस्त्री हसले. मी हसले नाही. मी त्या दोन स्प्रिंगा आमच्या बाकाशी नेल्या. तिथं भिंतीत एक खिळा होता आणि मागं रेघा मारलेली पट्टी. खिळ्याला स्प्रिंग अडकवायची, खाली वजन लावायचं, कुठल्या रेघेपर्यंत उतरते ते बघायचं. दोन्ही एकाच रेघेवर थांबल्या. तिनं टाकलेली तिसरी अडकवली. ती दोन रेघा खाली गेली.

त्या दिवशी आणि शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत सातही जणींनी ती पेटी निवडून दिली. का, ते मी सांगितलं नाही. होसूरची पेटी अडलीय एवढंच म्हटलं. लक्ष्मम्मानं साडीच्या फॉलचा दोरा आणला आणि जोडी जुळली की ती दोऱ्यानं बांधून ठेवायची. शनिवारी मी सगळ्या जोड्या खिळ्यावर तपासल्या.

सोमवारी आठ वाजता न बोलावता मी अण्णांच्या दारावर टकटक केली. त्यांनी दार उघडलं. मी जोड्यांचा ट्रे टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "तुमचं इथं चुकतंय. फोन गेला म्हणून तुम्ही हे हात घालवताय. होसूरला तेच तर हवेत."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग ट्रेमधल्या दहा जोड्या घेतल्या, माझ्याकडे पाठ करून प्रत्येक स्प्रिंगवर कानशीनं काही बारीक खुणा केल्या, दोरे सोडले, वीसही स्प्रिंगा एकत्र मिसळल्या. "लक्ष्मम्माला बोलवा," म्हणाले.

लक्ष्मम्मा पदराला हात पुसत आली. त्या खोलीत ती पहिल्यांदाच येत होती. अण्णांनी तिला खुर्ची दिली, ती बसली नाही. उभ्यानंच तिनं ढिगात हात घातला. नऊ जोड्या लावल्या. शेवटच्या दोन उरल्या त्या एकमेकींपासून लांब सरकवल्या. "या दोघींचं जमत नाही," ती म्हणाली. "शुक्रवारीही उरल्या होत्या, म्हणून बांधल्या होत्या."

अण्णांनी भिंग घेऊन खुणा पाहिल्या. नऊच्या नऊ बरोबर होत्या. मग त्या शेवटच्या दोन ते स्वतः खिळ्यावर लावून आले. एका रेघेचा फरक होता. तो मी शनिवारी पाहिला होता आणि चालेल म्हणून सोडून दिला होता. ते परत येऊन बसले. भिंतीवरच्या घड्याळात साडेआठ झाले होते. त्यांनी आम्हा दोघींना जा म्हटलं नाही. आम्ही तिघं स्प्रिंगा निवडत राहिलो. नऊ वाजता म्हणाले, "सरी. बदललं."

सगळं गोड झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. होसूरचं काम सुरुवातीला चौघींपुरतंच होतं. तिघींना आता काम नाही असं सांगावं लागलं. ते अण्णांनी स्वतः सांगितलं, एकेकीला, त्याच तासात, समोर बसवून. एक जण रडली, एकीनं त्यांना खूप सुनावलं. ते ऑफिसच्या काचेपलीकडून मला दिसत होतं. अण्णा मान खाली घालून ऐकत होते. दोघी पुढे कपड्यांच्या कारखान्यात लागल्या, एक गावी जाऊन रेशमाचे किडे पाळायला लागली. माझं देखरेखीचं पद गेलं, पगार सहा महिने कमी झाला, आणि मी त्या चौघींबरोबर बाकावर बसून जोड्या लावायला शिकले. मला ते लक्ष्मम्मासारखं कधीच जमलं नाही. तिसऱ्या वेळी गेलेले नमुने परत आले नाहीत. होसूरचा तपासनीस विचारायला आला की दोरे कशासाठी बांधता, तेव्हा मेस्त्री म्हणाले, "बहिणी आहेत." दीड वर्षानं काम वाढलं तेव्हा अण्णांनी त्या तिघींकडे निरोप धाडले. दोघी आल्या. रेशमवाली आली नाही. तिचं तिकडं चांगलं चाललं होतं. पर्समधला अर्ज मी कधी फाडला ते मला आठवत नाही.

नव्याण्णवला नवऱ्याची बदली पुण्याला झाली. आता भोसरीला माझं स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे, बारा माणसं आहेत. मी पेपर ताजाच वाचते. पण मंदीत तीनदा असे निर्णय घ्यायची पाळी आली आणि तिन्ही वेळा ज्याला लागणार होतं त्याला मी आधी समोर बसवलं. दोनदा समोरच्याला काही मार्ग सुचला नाही, राग तेवढा होता. नुसतं ऐकून घ्यावं लागलं. तेही अण्णांकडूनच शिकले होते. ते काचेपलीकडून बघितलं नसतं, तर मी त्या वेळी उठून गेले असते.

बंगलोर सोडायच्या आधी एका रविवारी मी त्यांच्या चामराजपेटेतल्या घरी निरोप घ्यायला गेले. काकूंनी जेवायला घातलं. जेवण झाल्यावर मी अण्णांना इतकी वर्षं मनात असलेलं विचारलं. "तेव्हा ते आठ दिवस दिलेत मला, तुम्हाला खात्री होती का, की मी काहीतरी शोधून आणीन?"

अण्णांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "खरं सांगू अक्का? मला वाटलं होतं, तुम्ही रागानं नोकरी सोडाल. तुमच्या मागनं बायकाही जातील. म्हणजे काढायची पाळी माझ्यावर येणार नाही. आठ दिवस मी रोज तुमच्या राजीनाम्याची वाट बघत होतो."

"त्यासाठी नारळ बोलला होता हा माणूस देवाला," काकू आतून म्हणाल्या.

मला हसू आलं आणि मग यायचं थांबलं. पर्समधलं ते पाकीट आठवलं. "मग सांगितलंतच कशाला?" मी म्हटलं. "दसऱ्यानंतर सरळ बंद करता आलं असतं."

"सांगायचा नेम होता न्हवं," अण्णा म्हणाले. "पटतो तेव्हाच पाळायचा, तर मग नेम कशाला म्हणायचं?"

निघताना मी नको म्हणत असताना ते बस थांब्यापर्यंत आले. रस्त्यावर मार्केटची गर्दी होती, रिक्षा दोन्ही बाजूंनी अंगावर येत होत्या. पलीकडे जाताना त्यांनी लहान मुलीचा धरावा तसा माझा हात धरला. मी चौतीस वर्षांची होते, दोन मुलांची आई. बस येईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही, आणि मीही सोडवून घेतला नाही.